आवाज देज्यात

रंगाच्या रिकाम्या बादलीत मी फ्लॉवरची चार रोपं कोंबत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून कुणीतरी हसलं.

"मॅडम, एक बादलीमा चार? एकमेकसंगे भांडी भांडी मरतीन बिचारा!"

शेजारच्या रोपवाटिकेतला हेमकांत. मी कोल्हापूरची, ब्राह्मणपुरीच्या उपकेंद्रात नर्स, इथली अहिराणी कामापुरती कळणारी, आणि बागकामात अगदीच कच्ची.

"मग एकटंच लावू? करमेल का त्याला?"

"करमाले कोनी तरी जवय लागस..." तो म्हणाला आणि स्वतःच लाजला.

त्याने एक रोप बादलीत ठेवलं, दुसरं अंगणातल्या मातीत लावलं आणि उरलेली दोन परत नेली. थंडी पडली तसे गड्डे धरले. लिंबाएवढे झाले तेव्हा तो आला, पानं वर वळवून केळीच्या सोपटाने हलकेच बांधली.

"ऊन लागनं का पिवयं पडस. आठ दिनमा सोडानं. आवाज देज्यात."

गाठ मारताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली... पुढचं मी नीट ऐकलंच नाही.

आठ दिवस झाले, मग पंधरा. भिंतीपलीकडे झारीचं पाणी वाजायचं, तो खोकायचा, पण हाक काही येईना. मला तर वेड लागायची पाळी आली होती! 'आवाज देईन' म्हणाला होता ना?

"पोरी, भाजी कर ना वं, सडी जाई!" घरमालकीण पार्वतीबाई म्हणायच्या.

"थांबा, आज सोडायला येतील."

गड्डे सैल झाले, पानांतून दांडे निघाले, त्यांना पिवळी फुलं आली. आणि इथे आल्या आल्या मीच मागितलेल्या कोल्हापूरच्या बदलीचा हुकूम आला. आता ती बदली मला नकोशी झाली होती.

निघायच्या आदल्या सकाळी पार्वतीबाईंकडून कळल्यावर हेमकांत धावतच आला. फुलं बघून थबकला.

"कापी का नही?"

"तुम्ही हाक मारणार होतात."

"मी? मी तं सांगं व्हतं, तुम्ही आवाज देज्यात! रोज भिताडजवय वाट देखी ऱ्हायनू..."

देज्यात म्हणजे 'द्या'! ताप, खोकला, पोटदुखी सगळं मला अहिराणीत कळायचं, आणि नेमका हाच एक शब्द चुकला. मी हसले, मग रडू आवरेना.

"जमीनमानं आठेच ऱ्हाई," अंगणातल्या रोपाजवळची माती थोपटत तो हळूच म्हणाला. "बादलीमानं लई जा. बी धरी तवय... मी येसु."

"येसु म्हणजे?" या वेळी मी विचारून घेतलं.

"येईन," तो शुद्ध मराठीत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बादली मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. तो स्टँडच्या खांबाशी मान खाली घालून उभा होता. गाडी हलली. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा आवाज दिला.

"हेमकांत! येज्यात!"

तो गाडीमागे पळत सुटला.

"येसु!"