टाकीच्या उजवीकडे

इतकी वर्षं लाकडावर चित्रं कोरून छाप काढणाऱ्या ताईने नवशिक्यासारखी चूक केली. ठोकळ्यावर चित्र उलटं कोरायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. ताईने मात्र गावाबाहेरचा पश्चिमेचा माळ जसा दिसतो तसाच कोरून ठेवला. मग काय, माळावरच्या पाण्याच्या टाकीच्या डावीकडचा ओढा आणि त्याच्या काठचं वाकडं झाड छापात बरोबर उजवीकडे!

"माळाने कूस बदलली वाटतं," धाकटा भाऊ हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

"पुरे झाला आगाऊपणा," ताई म्हणाली, पण हसू तिलाही आवरेना.

बाबांनी शर्टाच्या डाव्या खिशातून चष्मा काढून छाप न्याहाळला. "चुकलंय कुठे? पलीकडून असंच दिसतं."

"पलीकडून म्हणजे कुठून, बाबा?"

बाबा विसरले होते. हल्ली ते बरंच विसरत.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा घरात नव्हते. दार सताड उघडं. ओढ्याकाठच्या झाडाखाली बसायची त्यांची जुनी सवय, म्हणून भाऊ मोटारसायकल घेऊन सुटला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. तिथे चिटपाखरू नव्हतं. तो आणखी पुढे बघणार होता.

ताईचा जीव टांगणीला लागला. बाबा परत आले तर घरात कुणीतरी हवं, म्हणून ती थांबली होती. हात रिकामे ठेवले तर वेड लागेल असं वाटून तिने ठोकळ्यावर शाई फिरवली आणि छाप काढला.

झाडाखाली कुणीतरी बसलं होतं. नखाएवढं, पाठ बुंध्याला टेकून.

तिने ठोकळा पुसला, बोट फिरवलं. त्या जागी काहीच कोरलेलं नव्हतं. पुन्हा छाप काढला. तो माणूस होताच, फक्त मान आता खाली गेली होती.

ताई पायात चप्पल न घालताच धावली.

भाऊ टाकीपाशी भेटला. "ओढ्याकाठी दोनदा बघितलं, ताई!"

"ओढ्याकडे नाही. उजवीकडे."

"अगं, तिथे ना ओढा ना झाड. नुसतं सपाट रान आहे!"

"माहीत आहे. चल."

बाबा तिथेच होते. उघड्या रानात, उन्हात. पाठ कशालातरी टेकल्यासारखी मागे रेललेली. मागे काहीच नव्हतं.

त्यांचे पाय घोट्यापर्यंत ओले होते.

"बाबा, जीव घ्याल एखाद्याचा!" ताई त्यांच्या गळ्यात पडून रडली.

"सावलीत बसलो होतो गं जरा."

घरी आल्यावर चहा झाला. भावाला पुन्हा चेष्टा सुचू लागली. ताईने गुपचूप एक नवा छाप काढून बघितला. झाडाखाली कुणी नव्हतं. तिच्या जिवात जीव आला. बाबा घरात होते, आणखी काय हवं?

"बघा ना बाबा, अजून उलटंच छापतेय ही," भाऊ म्हणाला.

बाबांनी कागद हातात घेतला. "चष्मा काढून दे गं."

ताईने सवयीने त्यांच्या छातीशी डावीकडे हात नेला. तिथे नुसतं कापड होतं. शर्ट तोच, सकाळी तिनेच इस्त्री केलेला. खिसा उजवीकडे होता, आणि चष्मा त्यात होता.

तिने तो काढून दिला. बाबांनी डोळ्यांवर चढवला, छापावरून बोट फिरवलं.

"उलटं कुठंय? आहे तसंच तर आलंय."