लाईट गेली होती

शहापूरच्या स्टँडवर मुरबाडची एसटी लागली आणि मी गाठोडं छातीशी धरून आत घुसले. पौषातला रविवार, म्हसा गावची जत्रा चालू… गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. गाठोड्यात आमचा व्हीसीआर होता, चादरीत गुंडाळलेला. शहापुरात एक म्हातारे मेकॅनिक अजून हे मशीन दुरुस्त करतात. त्यांच्याकडून आतलं हेड साफ करून तो आणला होता आणि गर्दीत त्याला धक्का लागू नये म्हणून माझी धडपड चालली होती.

"बसा ना तुमी," खिडकीशेजारचा मुलगा उठून उभा राहिला. "बाळाला लागेल."

मी बसले. मग चादरीचं टोक हळूच बाजूला करून त्याला आतली बटणं दाखवली.

तो वाकून बघतच राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. "सॉरी… मला वाटलं—"

"वजन बाळाएवढंच आहे," मी म्हटलं. "रडत नाय फक्त."

तो हसला. हसताना मान खाली घालायची सवय होती त्याला. किन्हवली मागे पडली, दोन्ही बाजूंना कापून झालेली भातशेतं, मध्येच वालाचे हिरवे पट्टे. मग म्हणाला, "तुमी मुरबाडच्याच का? तिथं कुंडलिक व्हिडिओवाले म्हणून आहेत. त्यांचं दुकान कुठं ते सांगाल?"

कुंडलिक व्हिडिओवाले म्हणजे माझे अण्णा. पण हे लगेच सांगून टाकायची मला काही घाई नव्हती.

"कशाला पाहिजेत?"

"एक कॅसेट शोधायचीय. लग्नाची."

"तुमच्या?"

"माझ्या आईच्या." त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "मी दोन वर्षांचा होतो, तेव्हा ती गेली. आटगावला घरी तिचे तीन फोटो आहेत. पण ती बोलायची कशी… ते कुणाला नीट सांगता येत नाय. मामा म्हणाले, शूटिंग झालं होतं, धसईकडे, शहाण्णव साली. आमच्याकडची कॅसेट कुणीतरी बघायला नेली, ती परत आलीच नाय. व्हिडिओवाल्यांकडे मूळ कॅसेट असेल, तर…"

माझी थट्टा माझ्याच तोंडात राहिली. "उतरलात की माझ्यामागून या," मी म्हटलं.

त्याचं नाव प्रणित.

दुकान स्टँडपासून जवळच. पुढच्या भागात मी झेरॉक्स काढते, पासपोर्ट फोटो काढते. मागच्या भिंतीला अण्णांच्या कॅसेट. तीस वर्षं अण्णांनी मुरबाड आणि शहापूर तालुक्यातली लग्नं शूट केली. प्रत्येक लग्नाची मूळ कॅसेट जपून ठेवली. पण एका पावसाळ्यात दुकानात पाणी शिरलं आणि सगळ्या चिठ्ठ्या सुटून गेल्या. कुठली कॅसेट कुणाची, काही कळायला मार्ग उरला नाही. त्यात काचबिंदूनं अण्णांची नजर गेली. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच दिसायचं.

"साडेचारशे हाईत," अण्णा प्रणितला म्हणाले. "तुझ्या आयशीची त्यात असंल. पण लावून बघितल्याशिवाय नाय कळायची रे."

"मग लावून बघू," प्रणित म्हणाला.

तशी मी कॅसेटवरचं कॉम्प्युटरवर उतरवायला सुरुवात केलेलीच होती. लोक येऊन विचारायचे, आमचं लग्न मिळंल का? पेन ड्राइव्हवर दिलं की आठवड्यात हरवायचं. इंटरनेटवर उघडं टाकायला बायका तयार नव्हत्या… आणि बरोबरच होतं त्यांचं. प्रणित ठाण्याला एका कंपनीत सर्व्हर सांभाळायच्या कामाला होता. त्यानं कोपऱ्यातल्या आमच्या जुन्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"हा चालू आहे? मग ह्याच्यावर आपलाच व्हिडिओ सर्व्हर बसवू. लोकांनी घरी बसून मोबाइलवर बघायचं. ज्याचं लग्न त्याचा पासवर्ड. दुसऱ्याला दिसणारच नाय."

"आपलाच" म्हणाला. मी नीट ऐकलं होतं.

पुढच्या रविवारी तो मोटरसायकलवर आला, नवी डिस्क घेऊन. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाईप करू लागला. मी बाजूला स्टुलावर.

"काय करताय ते मला कळलं पाहिजे," मी म्हटलं. "नाय तर बिघडलं की आमी काय तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं?"

त्यानं एक नजर माझ्याकडे टाकली आणि परत पडद्याकडे वळला. "हा कंटेनर. डबा समजा. सर्व्हरचा प्रोग्राम, त्याला लागणारं सगळं सामान, एकाच डब्यात भरलेलं येतं. कॉम्प्युटरमध्ये इकडेतिकडे सांडत नाय. एका ओळीनं डबा चालू, एका ओळीनं बंद. खराब झाला तर फेकायचा, नवा आणायचा."

"आणि आतली लग्नं?"

"ती आत ठेवायचीच नाय. ती बाहेर, डिस्कवर. डब्याला फक्त बाहेरच्या फोल्डरचा रस्ता दाखवायचा."

"हुशार आहे डबा."

"शिकवणारा कोण आहे—" तो म्हणाला आणि पुन्हा कानाच्या पाळ्या लाल.

असे आमचे रविवार सुरू झाले. व्हीसीआर घरघरायचा, छोट्या टीव्हीवर कुणाची तरी हळद लागायची. आणि अण्णा पाठमोरे बसून नुसत्या आवाजावरून लग्न ओळखायचे. आमच्याकडे लग्न लावायला धवलारीण बसते, धवळे म्हणजे लग्नाची गाणी गाते. अण्णांना प्रत्येकीचा गळा पाठ होता. "ही धोंडूबाई. म्हंजे धसईच्या अंगाचं लगीन. मागं बेंजो हाय ना? मग नव्वदच्या नंतरचं." मी लिहून घ्यायचे, नाव, गाव, साल. प्रणित प्रत्येक नवरीकडे बघायचा. ती नाही असं कळलं की हळूच मान हलवायचा. मला ती मान बघवत नसे. मी मुद्दाम काहीतरी बोलायचे.

"ह्या नवऱ्याचे केस बघा… तुमच्यासारखेच."

"माझे बरे आहेत."

"कोण म्हणालं?"

फाल्गुनात आमचं भांडण झालं. तोवर बावन्न लग्नं चढली होती. प्रत्येकाखाली मी नावं भरली होती, वऱ्हाडातली माणसं, धवलारणीचं नाव, जे अण्णा सांगतील ते सगळं. प्रणितनं नवीन आवृत्ती टाकायची म्हणून जुना कंटेनर पुसला, नवा उठवला… आणि नावं गेली. व्हिडिओ शाबूत होते. पण माझं दोन महिन्यांचं लिहिलेलं सगळं कोरं.

"बाहेर ठेवतात म्हणालात ना तुमी?"

त्याचा चेहरा उतरला होता. "व्हिडिओ बाहेर ठेवले. नावांचा फोल्डर बाहेर जोडायला विसरलो. चूक माझीच आहे, हर्षाली."

दुसरं काही कारण सांगितलं असतं तर मी भांडत राहिले असते. मी नुसती उठून झेरॉक्सपाशी गेले. डोळ्यांत पाणी होतं, ते मशीनच्या झाकणाआड लपवलं.

सोमवारी शटर उघडायला आले, तर तो पायरीवर बसलेला. रजा टाकून आला होता. "तू सांग, मी भरतो," म्हणाला. माझ्या वहीतून मी वाचत गेले, वहीत नव्हतं ते अण्णांनी पुन्हा आठवून सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळी बावन्न भरून झाली. त्याची बोटं आखडली होती. आणि सकाळपासून तो मला "तू" म्हणतोय, हे आम्हा दोघांच्याही चहा पिताना लक्षात आलं. कुणीच दुरुस्त केलं नाही.

चैत्रात एका कॅसेटला बुरशी होती. मी ती उघडून कापसानं इंच इंच पुसली. लावली. पडद्यावर आधी नुसत्या रेघा. मग मांडव आणि पाटावर हळदीनं माखलेली एक मुलगी. प्रणित उभा राहिला. फोटोतला चेहरा त्यानं ओळखला होता.

मुलगी सरळ कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "ओ दादा, खांदा दुखत नाय का तुमचा? ठेवा जरा ते खाली. आदी दोन घास खाऊन घ्या."

चित्र डगमगलं. कॅमेरा कुठंतरी खाली ठेवला गेला. पडद्यावर मांडवाच्या मेढीचा खांब आणि शेणानं सारवलेलं अंगण, एवढंच. पण आवाज चालूच होता. ती कुणाला तरी पातळ भाकरी वाढायला सांगत होती. कुणाची तरी नक्कल केली, बायका खिदळल्या. ती स्वतःही हसली, श्वास लागेपर्यंत.

"सुगंधा!" अण्णा ताडकन म्हणाले. "सुगंधा नाव तिचं! अरे, कॅमेरा बंद कराया इसरलो होतो मी. लग्नाच्या मालकांनी नंतर सांगितलं, ह्ये काढून टाका. मूळ कॅसेटीत राहिलं."

चार मिनिटं मेढ दिसत होती. प्रणितनं एकदाही नजर हलवली नाही. नंतर त्याच्या हाताला काहीतरी धरायचं होतं. तिथं माझा हात होता. त्यानं तो धरला, आणि कॅसेट संपली तरी धरून ठेवला.

त्या संध्याकाळी घरी जाताना मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण वाटेत एक गोष्ट लक्षात आली. आता त्याला यायचं कारण उरलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो आला, त्याच्या वडिलांसाठी पासवर्ड करून घेतला, मला सगळ्या ओळी कागदावर लिहून दिल्या. चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, नवी आवृत्ती कशी. "आता तुला माझी गरज नाय," म्हणाला. गंमतीत म्हणाला, पण हसला नाही.

"बरं झालं," मी म्हटलं. मीही हसले नाही.

शुक्रवारी दुपारी मी त्याच कागदावरची एक ओळ टाईप केली. डबा बंद. मग फोन लावला.

"सर्व्हर बंद पडलाय हो… लाईट गेली होती, त्यानंतर उठतच नाय."

"रविवारी येतो," तो लगेच म्हणाला.

आला. चालू केला. चहा झाला, अण्णांबरोबर दोन कॅसेट झाल्या. मी पुढच्या आठवड्यातही लाईट घालवली. मग त्याच्या पुढच्याही. आमच्याकडे लाईट जाते, त्यात खोटं काही नव्हतं. फक्त ती दर शुक्रवारीच कशी जाते, एवढाच प्रश्न होता. एकदा मी विसरले, तर त्यानंच शनिवारी फोन केला. "काय गं… लाईट नाय गेली ह्या वेळी?"

"गेली ना," मी म्हटलं आणि धावत जाऊन सर्व्हर बंद केला.

आषाढात भाताच्या लावण्या चालल्या होत्या. बाजार ओस, छपरावर पावसाचा एकसारखा आवाज. प्रणित भिजून आला, रुमालानं हात कोरडे केले, स्टुलावर बसला… आणि कीबोर्डला हातच लावला नाही.

"हर्षाली, इकडे ये. एक ओळ वाच."

मी वाकले. त्यानं जानेवारीत लिहिलेली फाईल होती. एका ओळीवर त्यानं बोट ठेवलं.

"ह्याचा अर्थ, लाईट जाऊन आली की डबा आपोआप उठायचा. कुणी काही करायची गरज नाय. फक्त एकाच वेळी तो उठत नाय."

"कुठल्या वेळी?"

"कुणी मुद्दाम, हातानं थांबवला असेल तर."

पाऊस पडत होता, तो मी खूप मन लावून ऐकू लागले.

"नऊ वेळा," प्रणित म्हणाला. "सगळ्या वेळा लिहिलेल्या असतात आत. शुक्रवार, दुपारी तीनच्या आसपास. एकदा शनिवारी, मी फोन ठेवल्यावर एका मिनिटात."

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच वेळी."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर तू बंद करणं बंद केलं असतंस ना," तो हळू आवाजात म्हणाला. "आटगावहून इथं यायला सव्वा तास लागतो. तो सव्वा तास मी सोमवारपासून मोजायला लागतो, हर्षाली. मला सर्व्हरसाठी यायचं नाय. मला… तू सांग. मी कशासाठी येऊ?"

बाजूला अण्णा खाकरले. ते तिथंच बसलेले असतात, हे आम्ही दोघं साफ विसरलो होतो. पुढच्या बाजूला ठमीबाई सातबाऱ्याची झेरॉक्स घ्यायला उभी होती. तीही छत्री मिटून ऐकत होती.

"प्रणित," अण्णा म्हणाले. "साडेचारशे लग्नं बघितली मी त्या भिंगातून. कुठला नवरा नवरीकडं बघतो न कुठला घड्याळाकडं, ते मला बसल्या जागी कळायचं. आता दिसत नाय. म्हणून इचारतो. तू बघतोस का रे हिच्याकडं?"

"बघतो, काका."

"मग मोठ्यानं सांग. मला ऐकू यायला पाहिजे."

प्रणित उठला. कान आता पार लालबुंद. पण मान खाली घातली नाही. "मला हर्षाली आवडते," तो म्हणाला. पावसाच्या वर आवाज काढून म्हणाला. "मला तिच्याशी लग्न करायचंय. वडिलांना सांगूनच निघालो आज."

"आन हिला?" ठमीबाईनं विचारलं.

"काय गो?" अण्णांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं.

मी हो म्हटलं.

"ऐकू नाय आलं," अण्णा म्हणाले.

म्हणून मग मी पुन्हा म्हटलं… रस्त्यापलीकडच्या टपरीवरचा माणूससुद्धा वळून बघेल, इतक्या मोठ्यानं.