चकचकीत क्रॉस

“काका, यातलं खोटं कोणतं?”

कादंबरी हे विचारणारच नाही, अशी तिच्या मैत्रिणींनी, प्राची आणि समीक्षाने, पैज लावलेली. गेल्या वर्षीच्या लाजाळू कादंबरीने विचारलंही नसतं. यंदाची दहावीतली कादंबरी मात्र बाळकुमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, अख्ख्या प्रदर्शनासमोर विचारून मोकळी झाली.

विश्रामकाका हसले. फ्रेंच सैन्याची जुनी पदकं जमवण्यात त्यांची तीस वर्षं गेलेली. मग त्यांची नजर मधल्या काचपेटीवर गेली आणि हसू उतरलं. पहिल्या महायुद्धातला त्यांचा लाडका ब्राँझचा क्रॉस, शंभर वर्षांत काळपटलेला, आज नव्या भांड्यासारखा चमकत होता.

“कुणीतरी बदललंय,” म्हणत ते खुर्चीत बसले.

पेटीला कुलूप होतं, किल्ली त्यांच्याच खिशात. पण काल संध्याकाळी मांडामांड करताना पेटी उघडी टाकून ते चहाला गेलेले आणि परत आल्यावर आत न बघताच कुलूप लावलेलं. तेव्हा हॉलमध्ये दोघंच: झाडणाऱ्या रखमाबाई आणि मदतीला आलेले देवेश, तेही पदकं जमवणारे. सेक्रेटरींनी कुणाला काही न विचारता रखमाबाईंचा गेटपास मागितला. म्हणजे उद्यापासून काम बंद.

कादंबरीचं डोकंच फिरलं. वर्गातल्या सुश्रुतला ओढत ती कामाला लागली.

“मी हात नाय लावला गं पोरी,” रखमाबाई म्हणाल्या. “काकांनीच सांगितलेलं, पदकं पुसायची नाय, काळी हायेत तीच बरी.”

देवेश मात्र शांत होते. “सरळ नक्कल आहे. पुढून-मागून सारखीच चकचकीत. विश्रामराव, मलाच देऊन टाका, माझ्या नकलांच्या ट्रेमध्ये ठेवतो.”

“कडीत फितीचा धागा अडकलाय बघ,” सुश्रुत काचेतून बघत म्हणाला. “तपकिरी.”

फीत तर हिरवी होती, बारीक लाल पट्ट्यांची. कादंबरीने प्रदर्शनाचं पत्रक उघडलं. क्रॉसच्या जुन्या फोटोत खालच्या टोकाला तांदळाएवढा टवका दिसत होता. मग काचेला नाक लावून ती बराच वेळ उभी राहिली.

“काका, पेटी उघडा. चोरी झालीच नाहीये.”

सगळे गोळा झाले.

“फोटोतला टवका जिथल्या तिथे आहे. हा तुमचाच क्रॉस. आणि तो धागा फितीचा नाही, चिंचेचा आहे. वास घ्या. कुणीतरी फीत काढून देवाच्या तांब्यासारखा घासलाय, म्हणजे तुम्ही खऱ्याला खोटं समजाल आणि देऊन टाकाल.”

“पण कुणी?” सुश्रुतला अजून कळलेलं नव्हतं.

“अरे, क्रॉसची पाठ मखमलीला टेकलेली, वर काच, वर कुलूप. मागूनही चकचकीत आहे हे देवेशकाकांना कसं ठाऊक?”

काकांनी क्रॉस उलटा केला. पाठ आरशासारखी लखलखत होती.

देवेश बॅग उचलून निघाले. कुणी त्यांच्याकडे बघितलंही नाही. सेक्रेटरींनी पास परत दिला, तर रखमाबाईंनी आधी त्यांच्याकडून माफी वसूल केली, मगच तो घेतला. काळपटपणा परत चढायला वर्षं लागतील, असं विश्रामकाका म्हणाले. पण म्हणताना ते चक्क हसत होते. पदकांची नोंदवही त्यांनी कादंबरीच्या हातात दिली. दर रविवारी ये, म्हणाले, मला तुझ्यासारखे डोळे हवेत.

दहावीनंतर सायन्स, हे घरात तिला न विचारताच ठरलेलं. रात्री जेवताना तिने ताट बाजूला सरकवलं.

“आई, बाबा, मी आर्ट्स घेणार. इतिहास. विचारत नाहीये, सांगतेय.”