बासष्टावं पान

मैत्रेयीच्या चित्रकथेचं बासष्टावं पान चोरीला गेलं होतं, आणि दुपारी छापखान्याचा माणूस सगळी पानं न्यायला येणार होता.

प्रियंका राठोड यवतमाळहून बोरी अरबला मैत्रेयीच्या घरी पोचली. शोध लावायचा तिने. गाडी चालवायची आणि भलत्याच माणसावर संशय घ्यायचा तिच्या हिरासिंगमामांनी, अशी कामाची वाटणी होती.

"पानावर होतं तरी काय?" प्रियंकाने विचारलं.

मैत्रेयीने भिंतीवरच्या चौकटीतल्या बैलाच्या चित्राकडे बोट केलं. "नऊ वर्षांची होती मी. याले राज्याचं बक्षीस भेटलं. पण बैलाची मान मी अशी काढलीच नव्हती. बाबा म्हणाले, म्या सुधारली. तेव्हापासून वाटते, माह्यं काहीच माह्यं नाही. तेच त्या पानावर होतं."

मामांनी काचेला नाक लावून पाहिलं. मान काय अन् अंग काय, सगळा एकच कोळसा.

बाबा म्हणजे डोमाजी, तैलचित्रांसाठी देशभर नावाजलेले. आई मथुराबाई कोळशाच्या चित्रांसाठी तेवढ्याच. अशा घरात पोरीने पेन्सिल उचलायची हिंमत केली, याचंच मामांना कौतुक वाटलं.

मामांनी पेटीतली पानं उचलली. एकसष्टपर्यंत दर पानावर पातळ बटर पेपर होता. त्रेसष्टपासून पुढे मात्र पानाला पान लागलेलं.

"ही शाई पुसली जाते का?" प्रियंकाने मैत्रेयीला विचारलं.

"वाळल्यावर पाणी ओता, हलत नाही. मी नुसती चळत लावते. सकाळी तेवढंच पान पाहायले चळत मधातून उचलली, तर ते नाही. मंग पेटीले हातच लावला नाही."

डोमाजींची प्रदर्शनं भरवणारे विठ्ठलराव ओसरीवर अस्वस्थ बसले होते. "ते पान छापलं तर प्रदर्शन बोंबलते, हे खरं. पण पेटी म्या पाहिली बी नाही."

डोमाजी शांत होते. "तिनं दाखवलं होतं मले. म्हटलं, छाप. तिची गोष्ट हाये."

"आत काकूंच्या खोलीत बसून बोलू?" प्रियंकाने त्यांना विचारलं.

"तिथं नोको. पऱ्हाटीच्या कोळशाची भुकटी उडते. मले लहानपणापासूनचा दमा हाये, श्वासच कोंडते."

आत मथुराबाई डब्यात जाळलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या निवडत होत्या. "गेलं तर गेलं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "त्याच्याबिगर बी पुस्तक चांगलंच हाये."

"बुढाच हाये," मामा बाहेर येऊन कुजबुजले. "ज्याची बदनामी, त्याचाच हात."

प्रियंकाने सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

"चोरानं वाचता वाचता दर पानावर कागद घातला, बासष्टपर्यंत. कायले? शाई तर पुसत नाही. पण कोळसा पुसते. जन्मभर कोळशात काम केलेला हात आपसूक कागद घालते. चोरी करतानाबी तुम्ही पोरीची पानं जपली, मथुराकाकू."



"पण यांनी काहून?" मामांना राहवलं नाही. "नाव तर काकांचं जात होतं!"

"म्हणूनच, मामा. बैलाची मान कोळशानं सुधारली हाये. ज्यांचा भुकटीनं श्वास कोंडते, ते कोळसा हाती धरतीन कशे? काकांनी दुसऱ्याचा दोष आपल्या अंगावर घेतला."

मथुराबाई आत गेल्या आणि पान घेऊन आल्या. त्याच्यावरही बटर पेपर होता.

"फाडवलं नाही, पोरी. मान म्या सुधारली. सवयीनं हात गेला. यांनी मले कधी बोलू देलं नाही. आता साऱ्या मुलखात यांचं नाव खराब होणार, आन् चूक माही! सांगायची हिंमत नाही झाली."

मैत्रेयी वडिलांकडे वळली. "बाबा, कायले घेतलं अंगावर?"

"चित्र तू आईपाशी शिकत होती. तिच्यावर रुसली असती तर चित्रच सोडलं असतं. माह्यावर रुसली तर रुसली."

मैत्रेयीने आईला कवटाळलं. मग छापखान्याला फोन लावून चार दिवस मागून घेतले. ते पान आता नव्याने काढायचं होतं. फोन ठेवून ती डोमाजींच्या पायाशी बसली.

"पंचवीस वर्षं तुमच्याशी धड बोलली नाही मी. माफी मागू का आभार मानू, बाबा?"

डोमाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "काहीच नोको. तू काढत राह्यली, त्यात सारं भेटलं मले."