विकायला काढलेली फ्रेम

त्या सकाळी आसेगाववर धुकं इतकं दाट उतरलं होतं, की संस्कृतीच्या घराचं फाटक नानाजींना हाताला लागल्यावरच कळलं. नानाजी एसटीतले निवृत्त कंडक्टर. रीता राठोडने मंगरूळपीरला खासगी तपासाचं काम सुरू केल्यापासून ते तिच्यासोबत फिरत. रीता बघायची आणि लक्षात ठेवायची. नानाजी बघायचे आणि त्यातच रमायचे.

संस्कृती सायक्लोक्रॉस खेळायची. चिखलातून, ढेकळांतून सायकल हाणायची आणि वाट अडली की खांद्यावर घेऊन पळायची. मागच्या शर्यतीत ती पडली. गुडघा बरा झाला, पण ती पुन्हा सायकलवर बसली नाही. चाकं, पुढचा चिमटा, पायडल, सगळं एकेक करून विकलं. उरली होती ती टायटॅनियमची जुनी फ्रेम. दुपारी अकोल्याहून गिऱ्हाईक येणार होतं, आणि ती टांगायचा भिंतीवरचा खिळा रिकामा होता, म्हणून संस्कृतीने रीताला बोलावलं होतं.

खिडकीत मात्र फ्रेमच्या, हँडल बसतं त्या मानेतले दोन पोलादी बेअरिंग ठेवलेले होते. स्वच्छ सुती चिंधीत गुंडाळलेले, तेलात भिजलेले. नानाजींनी चिंधी हुंगली. खोबरेल. त्यांना लहानपणची, तेल लावून न्हालेली एक सकाळ आठवली आणि ते तिथेच थोडे हरवले.

रीता विचारत होती. संस्कृतीने सांगितलं, की सरावानंतर ती फ्रेम धुऊन तशीच ओली ठेवायची, बेअरिंग तेवढे पुसून तेल लावायची. आई ओट्यावर बसून बघत असे. भाऊ विकास म्हणाला, ओली राहिली तर फ्रेम गंजेल म्हणून तो रोज प्लास्टिक झाकायचा, आणि बहीण त्याला हसायची.

शेजारच्या सायकलवाल्या सोमलाने ती फ्रेम आपण मागितली होती हे लपवलं नाही. ग्रीसने काळ्या झालेल्या त्याच्या बोटांचे ठसे चहाच्या कपावर उमटले होते.

आई, प्रयागबाई, नळाचं पाणी घेऊन आल्या. बादली फुटली म्हणून विहिरीचं पाणी काढणं बंद आहे, असं म्हणाल्या. फ्रेमबद्दल विचारलं तर त्या सांगाड्यातलं मला काय समजतं, एवढंच.

नानाजी पाय धुवायला अंगणात गेले. कप्पीवरून दोर खाली विहिरीत गेला होता, धुक्यात अर्धा विरघळल्यासारखा. पालथ्या बादलीवर कोंबडी डोळे मिटून बसली होती. त्यांनी तिला अलगद उठवलं, नळाखाली बादली भरली आणि सावकाश पाय धुतले. फार निवांत वाटलं.

थोड्या वेळाने रीताने सगळ्यांना विहिरीपाशी बोलावलं.

"नेनाऱ्यानं बेअरिंग काढून, तेल लावून ठेवले," ती म्हणाली. "पोलाद पान्यात गंजते, टायटॅनियम गंजत नाई. म्हनजे फ्रेम पान्यात जानार होती, आन् नेनाऱ्याले तिचं नुकसान नको होतं. विकासले तं ती गंजते असंच वाटे. सोमलानं ग्रीस लावलं असतं, आन् चिंधी काळी झाली असती. नानाजी, ती बादली गळते का?"

"नाई. भरून पाय धुतले मी," नानाजी म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले.

"बादली चांगली हाये आन् वर हाये. मंग दोर खाली कायले सोडला?"

नानाजींनी दोर ओढला. ओझं हलकं होतं. पाण्यातून राखाडी फ्रेम वर आली, निथळत, पारव्याच्या पाठीसारखी मऊ चकाकत.

प्रयागबाईंनी कोणाकडे पाहिलं नाही. "गिऱ्हाईक वापस गेल्यावर काढनारच होती मी."

"पन काहून, आई?" संस्कृतीने विचारलं.

"झोपीत पायडल मारल्यासारखे पाय चालवतं तू. रोज. माही खाट बाजूलेच हाये, मले दिसते."

विहिरीवरचं धुकं हळूहळू सरकत होतं.

"मले भेव वाटते, आई," संस्कृती म्हणाली. पडल्यापासून घरात हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

"तं वाटू दे," प्रयागबाई म्हणाल्या आणि पदराने फ्रेम पुसू लागल्या.

तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला. ते अकोल्याहून निघालं होतं. संस्कृतीने फोन कानाला लावला, दोनदा घसा साफ केला.

"दादा, माफ करा, फ्रेम इकायची नाई आता," ती म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "तुमच्या पाहन्यात कोनाची जुनी चाकं हायेत का? मले घ्यायची हायेत."