घोणसगडावर धरलेला हात

शेकोटीजवळ सरका, पोरांनो. आणि आज रात्रीच गड चढायचा हट्ट सोडा. आधी आमच्या गोमा भांगऱ्याचं ऐका. माझा चुलत मेहुणा तो. घोणसगडावर माणसं न्यायचा, वर मुक्कामाला राहणाऱ्यांना पिठलं-भाकर पोचवायचा. कातळातल्या त्या पायऱ्या म्हणजे त्याला घरचा उंबरा.

गेल्या साली मार्गशीर्षातली अमावास्या शुक्रवारी होती. तिच्या आदल्या रात्रीची गोष्ट. नाशिकची दोन पोरं वरच्या गुहेत मुक्कामाला होती आणि गारठा तर हाडं फोडत होता. गोमानं दोन घोंगड्या खांद्यावर टाकल्या.

"तुमचं लगीन त्या गडाशीच लावायला हवं होतं," बायको म्हणाली.

"त्यानं एवढी कटकट तरी केली नसती," असं म्हणून गोमा हसत निघाला.

घोंगड्या दिल्या, पोरांनी केलेला चहा प्यायला आणि परत फिरला. पायऱ्यांच्या वळणावर एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला नुसती दरी. तिथं पोचला, आणि...

"दादा..."

आवाज खालून आला. दरीतून.

"दादा, हात द्या."

बाईमाणसाचा आवाज. पार दमलेला. गोमा पायरीवर पालथा पडला आणि उजवा हात खाली सोडला. गडबडीत बॅटरी निसटून गेली. अंधारात बोटांना बोटं लागली. थंडगार. त्यानं मूठ आवळली.

"कोण गं तू? कुठली?"

"ओढा ना, दादा."

त्यानं ओढलं. वजन लागेना. पण हात वरही येईना.

गोमानं बोंब मारली. पोरं धावत आली, बॅटरी मारली.

"काका, काय करताय?"

"पोरगी लटकलीय रे! धरा मला, ओढा!"

पोरांनी बॅटरी दरीत फिरवली.

"काका... खाली कुणीच नाहीये."

मूठ आवळलेली. मुठीत काही नाही. एकानं त्याची कंबर धरली, दुसऱ्यानं पाय. दोघं जवान गडी. गोमा तसूभर हलला नाही.

"दादा... सोडणार नाही ना?"

हे फक्त त्यालाच ऐकू आलं.

तो मला म्हणाला, सोडता आलं असतं रे. बोटं उघडायची, एवढंच. पण आपला हात धरून लटकलेल्या माणसाला सोडायचं कसं?

गोमाला हात सोडवेना. पोरांना गोमा ओढवेना. पोरांनी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली आणि शेजारी रडत बसली. खांदा पेटला. मग बधिर झाला.

पूर्वेला फटफटलं.

"दादा... लई दुखतंय का?"

"नाही गं."

"मग... राहू दे आता."

आणि तिनंच बोटं सोडवली. एकेक करून. गोमा पुन्हा धरायला झटला... पण नाही. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

वाडीनं सगळी दरी पालथी घातली. कुणी सापडलं नाही. पंचक्रोशीत कुणी हरवलेलंही नव्हतं. गोमा पुन्हा गड चढला नाही.

पाडव्याला त्यानं सदरा शिवायला टाकला. शिंप्यानं माप घेतलं. पुन्हा घेतलं. मग टेप गळ्यात टाकून त्याचे दोन्ही हात शेजारी-शेजारी धरून पाहिले.

उजवा हात... डाव्याहून चार बोटं लांब.