डावी बाही

"अहो, हात सरळ धरा ना! सारखी निसटतीय लडी," मी त्याच्यावर खेकसले.

माणूस अनोळखी, आणि माझं तोंड हे असं. शिरूरच्या समाजमंदिरात सिंधूमावशींचा विणकामाचा वर्ग भरायचा. त्या दुपारी ट्यूबलाइट बसवायला एक वायरमन आला, स्टुलावर चढला आणि नेमकी लाइट गेली. मावशींना रिकामा बसलेला माणूस बघवत नाही. त्यांनी त्याला खाली उतरवलं, माझ्यासमोर बसवलं आणि निळ्या लोकरीची लडी त्याच्या दोन्ही हातांत अडकवली. त्यानं धरायची, मी गुंडा करायचा. पण डाव्या बाजूनं लोकर घसरतच होती.

"धरला असता ओ," तो शांतपणे म्हणाला, "पण हात सरळ हायच कुठं?"

तेव्हा कुठं मी नीट बघितलं. डावा हात कोपरात वाकडा, उजव्यापेक्षा चार बोटं आखूड. म्हणून शर्टाची ती एकच बाही दुमडलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं माझं... मला दिसलंच न्हाई."

"लहानपणी चिंचेवरनं पडलो. हाड बसवलं, ते असं बसलं. त्यात तुमचं काय चुकलं? तुमचं चुकतंय ते गुंड्यात. भोपळा व्हायला लागलाय त्याचा."

आणि तो हसला. मीही हसले. त्याचं नाव सम्राट. लाइट आली तरी लडी संपेपर्यंत तो उठला नाही, हे मावशींनी बघितलं आणि मीही.

आता खरं सांगायचं तर मी हौसेनं विणायला गेलेच नव्हते. दौंडचं एक स्थळ मला बघून गेलं होतं. मुलगा जालिंदर, रेल्वेत कायम नोकरीला. आई हरखून गेली. घरात शेजारणीचा एक स्वेटर पडला होता, तो आईनं उचलला आणि बिनदिक्कत सांगितलं, "आमच्या अंजनानं इनलाय!" मुलाची आत्या लगेच म्हणाली, "मग आमच्या जालिंदरला एक इना की. बोलणी पक्की करायला येऊ, तवा घालूनच जाईल तो." मला तोवर सुई कशी धरतात हेसुद्धा ठाऊक नव्हतं. आईनं दुसऱ्या दिवशी मला मावशींच्या पुढ्यात नेऊन बसवलं. तिनं आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात खुरपलं होतं. मला पक्कं छप्पर, पक्का पगार मिळावा एवढंच तिला हवं होतं, म्हणून तिच्यावर रागावता येत नव्हतं.

मावशींची शिकवायची रीत वेगळीच. टेप त्या हातात धरू द्यायच्या नाहीत. "अंगाला लावून बघायचं. अंग खोटं बोलत न्हाई," असं म्हणायच्या. पण जालिंदरचं अंग दौंडला! आईला विचारलं तर म्हणाली, "मध्यम हाय."

"मध्यम म्हंजी काय?" मावशी वैतागल्या. मग दाराकडं बघून म्हणाल्या, "सम्राट, इकडं ये. हितं हुबा ऱ्हा."

सम्राट दारात होताच. त्या थंडीत तो वरचेवर यायचा. एकदा बटण बघायला, एकदा फ्यूज बघायला. ऐन डिसेंबरात पंखा दुरुस्त करायला आला, तेव्हा तर वर्गातल्या सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

पाठ विणून झाली, ती मी त्याच्या पाठीला लावली. खांद्यावर बोटं टेकली... तो शहारला.

"लई गार हात हायेत तुमचे."

"मग लांब हुबं ऱ्हा."

"लांब ऱ्हायलो तर माप कसं घेणार?"

मी विणलेली पाठ पुन्हा त्याच्या खांद्यांना लावली. त्या दिवशी मी दोन ओळी उलटसुलट चुकवल्या आणि घरी जाऊन उसवत बसले.

पुढचा भाग झाला, तोही त्याच्यावर लावून. उजवी बाही झाली. तिचा काठ मनगटाशी धरून मी वाकले होते, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "कुणासाठी चाललंय ओ एवढं? नशीबवान दिसतोय."

मी काही बोलायच्या आत मागून एकजण ओरडली, "दौंडच्या नवरदेवासाठी!"

तो हसला, पण जरा उशिरानं. बाही त्यानं माझ्या हातात दिली, पक्कड पिशवीत टाकली. "मला वाटलं वर्गाचंच काम हाय," एवढं म्हणाला आणि गेला. त्यानंतर समाजमंदिरात एकही बटण बिघडलं नाही.

डावी बाही मी एकटीनं विणली. लावून बघायला कुणी नव्हतं. घोडनदीवरून गार वारा खिडकीतून आत यायचा आणि मी मान खाली घालून विणत राहायचे. त्या वाकड्या कोपराशी जरा सैल सोडलं, मनगट जिथं यायचं तिथं टाके बंद केले. मग दोन्ही बाह्या शेजारी ठेवल्या. डावी चार बोटं आखूड होती.

मावशींनी ती उजवीवर ठेवून बघितली. माझ्याकडं बघितलं. "शिवून टाक," म्हणाल्या.

काठ उसवून चार बोटं वाढवणं म्हणजे काही मोठं काम नव्हतं. अजून वेळ होता. मी काठाचा टाका मोकळा करायला सुई घेतलीही... आणि ठेवून दिली.

रविवारी दौंडची मंडळी आली. चहापोहे झाले आणि आत्यानं स्वेटर मागितला. जालिंदरनं तो घातला. खांदे सैल, पण चालण्यासारखे. उजवी बाही ठीक. डाव्या बाजूला मात्र मनगट उघडंच.

"अगं बया, पोरीचं ध्यान कुठं होतं?" आत्या खो खो हसली.

"घाईत झालं असंल, करून दील ती नीट," आई घाईघाईनं म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

जालिंदर हसला नाही. चांगला माणूस होता तो. त्यानं आखूड बाहीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "चुकून झालं का?" हळूच विचारलं.

हो म्हटलं की झालं, सगळं पक्कं. आई माझ्याकडं बघत होती.

"न्हाई," मी म्हणाले. "चुकलं न्हाई. त्या हाताचं माप तेवढंच हाय."

जालिंदरनं स्वेटर काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. "मग ज्याचा हाय त्याला लवकर द्या. न्हाईतर थंडी निघून जाईल." बाहेर जाऊन आत्याला त्यानं काय सांगितलं कोण जाणे, पण जाताना कुणी वाकडं बोललं नाही.

आई बराच वेळ कपबशा विसळत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "हाताला काय झालंय त्याच्या?"

"चिंचेवरनं पडला."

"काम जमतं का त्या हातानं?"

"जमतं, आई."

"मग चहाला आण. मला बी बघू दे."

मी तशीच निघाले. एसटी स्टँडसमोरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात तो वायरीचं भेंडोळं गुंडाळत बसला होता. मला बघून उभा राहिला.

"माप घ्यायला आलात? आता तुमचा नवरदेव..."

"घालून बघा," मी स्वेटर पुढं केला.

त्यानं घातला. आणि सवयीनं त्याचा उजवा हात डाव्या मनगटाकडं गेला, बाही दुमडायला. बोटं तिथंच थांबली. दुमडायला काही नव्हतंच. काठ मनगटावर नेमका बसला होता. तो बघतच राहिला.

"ही... चुकून?"

"सगळे हेच इचारत्यात. न्हाई."

"आन् दौंडचे?"

"त्यांना बसला न्हाई. मला तुम्हीच पायजे, सम्राट."

त्याचे डोळे भरून आले. माझेही. त्याच्यासमोर मला जास्त वेळ गप्प राहता येत नाही, म्हणून मी माझा गार हात पुढं केला.

"त्या दिवशी सरळ धरा म्हणाले होते. आता हाय तसाच धरा."

त्यानं धरला, डाव्या हातानं. समोरून नगरची एसटी निघाली होती, खिडकीखिडकीतून माणसं बघत होती. बघेनात का!